राखणीचं शेवटचं प्रकरण

१

फौजदारबाईंना डुलकी लागली होती, हे त्या कोणापाशीच कबूल करणार नाहीत. पण लागली होती. प्रकाशकाच्या कचेरीतली खुर्ची मऊ होती, पंखा कुरकुरत फिरत होता, आणि संपादक मोठ्यानं वाचत होते ते पुस्तक बाईंनी आपणहून जन्मात उघडलं नसतं. कल्पनेतलं शहर काय, दोन चंद्र काय, विस्तव राखणारी मुलगी काय! उभं आयुष्य खऱ्या चोरांमागे धावलेल्या बाईला हे पचावं तरी कसं?

टेबलावर मूठ आदळली तशा त्या दचकून जाग्या झाल्या.

"थांबा," पंडित म्हणाले. "हे मी लिहिलेलं नाही."

संपादक वाक्याच्या मध्येच थांबले. शेजारी बसलेल्या भाष्यकारानं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

पंडित हे बाईंचे शाळेपासूनचे मित्र, आणि आता वरच्या मजल्यावरचे शेजारी. ज्या भाषा बोलणारं कोणी उरलेलं नाही, त्या भाषा त्यांनी जन्मभर विद्यापीठात शिकवल्या. शिकवता शिकवता स्वतःचंच एक शहर रचलं. त्याची भाषा, त्याचे कायदे, इतकंच काय, त्याच्या शिव्यासुद्धा. त्या शहराच्या गोष्टीचे जाडजूड खंड निघाले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. मध्यंतरी पंडितांची नजर गेली. हा शेवटचा खंड त्यांनी तोंडी सांगितला आणि त्यांच्या मुलीनं रोज त्यांच्या घरी येऊन टाइप केला. छपाईला जाण्याआधी त्याचं शेवटचं प्रकरण आज त्यांना ऐकवलं जात होतं. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला, तिला सुट्टी मिळाली नाही, म्हणून बाई त्यांचा हात धरून घेऊन आल्या होत्या.

"सर, भाषा तर तुमचीच वाटतेय," संपादक चाचरत म्हणाले.

"वाटतेय! माझ्यासारखी आहे, माझी नाही. माझ्या शेवटात शहर पाण्याखाली जातं, आणि राखणी विस्तवापाशी बसल्या बसल्या त्याच्याबरोबर बुडते. तुमची राखणी काय करते? मातीच्या वाडग्यात निखारे भरते आणि उलटी चालत वेशीबाहेर निघून जाते. जिवंत!"

राखणी म्हणजे शहराचा विस्तव राखणारी मुलगी, पहिल्या पानापासूनची नायिका. तिचं काय होणार यावर वाचकांनी म्हणे पैजा लावल्या होत्या.

"मूळ प्रकरणाची दुसरी प्रत असेल ना?" बाईंनी विचारलं.

"माझी एकच प्रत असते. पहिल्यापासून." पंडितांचा चेहरा पांढरा पडला होता. "फौजदार, या माणसांपैकीच कोणीतरी माझा केसानं गळा कापलाय. मला तो माणूस शोधून दे. जो असेल त्याला मी पुन्हा माझ्या दारात उभा करणार नाही."

बाईंनी संपादकांच्या हातातली पानं काढून आपल्या पिशवीत घातली. "या शेवटात काय आहे ते या खोलीबाहेर जाता कामा नये. प्रकरण बदललं गेलं, एवढंच बोलायचं. पंडित, तूसुद्धा. मुलीलाही सांगायचं नाही."

"तिला सांगून करायचंय काय? तिला माझ्या पुस्तकांत काडीचा रस नाही."

२

पंडितांच्या घरी आल्यावर बाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि विचारायला सुरुवात केली.

हकिगत साधी होती. मुलीनं प्रकरण टाइप करून बापाला वाचून दाखवलं होतं. ते शब्द न् शब्द बरोबर होतं. पंडितांनी पानं पाकिटात घालून स्वतःच्या हातानं चिकटवली. रात्रभर पाकीट टेबलावर होतं. सकाळी भाष्यकार आला आणि ते घेऊन गेला. हा भाष्यकार पंडितांचा लाडका विद्यार्थी, आता स्वतःच प्राध्यापक. पंडितांच्या शहराचा कोश करणं हे त्यानं आयुष्याचं काम मानलं होतं. त्याच्या हातून पाकीट संपादकांकडे गेलं आणि छपाईपर्यंत त्यांच्या कपाटात राहिलं.

"डिंकानं चिकटवलेलं पाकीट उघडायला काय लागतं? किटलीची वाफ," बाई म्हणाल्या. "आणि मशीन तुझंच वापरलंय, अक्षरं तीच आहेत."

"ते मशीन इथे सताड उघडं असतं. भाष्यकार इथेच बसून काम करतो. संपादक तर मधे आठवडाभर इथे मुक्कामाला होते."

"आणि मुलगी?"

पंडित इतके भडकले की कप कलंडला. "डोळे आहेत ती माझे! तिच्यावर संशय घ्यायचा असेल तर आत्ताच ऊठ."

बाई उठल्या नाहीत. संशय घेणं हा त्यांचा पिंड होता, त्याला पंडितांची परवानगी लागत नव्हती. "बरं, दुसरं विचारते. ते खोटं प्रकरण ऐकताना तुला काय वाटलं? राग सोडून."

पंडितांनी कलंडलेला कप चाचपून सरळ केला.

"ज्यानं लिहिलंय, त्यानं करून पाहिलंय," ते म्हणाले. "तुला माहीत आहे माझी रीत. केल्याशिवाय लिहायचं नाही. राखणीचा हात जायबंदी झाला तेव्हा मी हात बांधून जिने चढलो होतो."

"आठवतंय ना! माझ्या दारात आपटला होतास."

"आणि केलेलं सांगत बसायचं नाही. का केलं ते वाचकानं शोधावं. हा माणूसही सांगत नाही. राखणी उलटी चालते, बस्स. का चालते? मला माहीत नाही, फौजदार. मला हे सुचलंच नसतं. असलं बसून सुचत नाही, अंगाला चटका बसल्यावर कळतं."

बाई ताडकन उठल्या आणि कोळसे आणायला बाजारात गेल्या.

संध्याकाळी गच्चीवर त्यांनी कुंडीच्या ताटलीत राख पसरली, वर निखारे ठेवले, ताटली दोन्ही हातांत छातीशी धरली आणि थाटात चालायला लागल्या. चार पावलांत निखारे फुलले, धग गळ्याशी आली आणि एक ठिणगी उडून सदऱ्यावर बसली. बाईंनी शिव्या घातल्या, पंडितांच्या शहरातल्या नव्हेत, आपल्या पोलिसी. मग वळून उलट्या चालायला लागल्या. पाठीनं वारा अडवला, निखारे शांत झाले. बाई गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. काहीएक झालं नाही.

"अस्सं होय!" त्या जळक्या सदऱ्याकडे बघत म्हणाल्या. आता कोणाला काय विचारायचं ते त्यांना नेमकं समजलं होतं.

३

भाष्यकाराच्या खोलीत बसायला जागा नव्हती. सगळीकडे कोशाचे गठ्ठे. एका स्टुलावरचे कागद खाली ठेवून त्यानं बाईंना बसवलं.

"माझ्यावर संशय आहे ना, बाई? साहजिक आहे. शहर बुडालं तर माझा कोश म्हणजे मयताचं सामान. राखणी जगली तर निदान भाषा तरी जगते." तो हसला, पण त्या हसण्यात कडवटपणा होता. "आणि सर मला म्हणाले होते, पुढचा इतिहास तू लिही. मग एक दिवस सहज सांगून टाकलं की पुढचा इतिहासच नाही. इतकी वर्षं मी कशासाठी घासली?"

"म्हणजे राग आहे."

"आहे. पण माझ्याच्यानं लिहिणं होत नाही, हेच तर माझं दुखणं आहे. मी फक्त समजावून सांगू शकतो."

"मग समजावून सांगा. त्या प्रकरणात राखणी उलटी का चालते?"

भाष्यकाराचा चेहरा एकदम उजळला. "अहो, तेच तर अप्रतिम आहे! ते प्रतीक आहे. तोंड भूतकाळाकडे, पाऊल भविष्याकडे. जुन्या भाषा शिकणारा प्रत्येक माणूस असाच चालतो..." तो बोलतच राहिला. त्याला थांबवता थांबवता बाईंच्या नाकी नऊ आले.

संपादकांनी मात्र बाईंना पाहताच आवंढा गिळला.

"खरं सांगतो, बाई. ती मेली असती तर वाचकांनी आमच्या नावानं खडे फोडले असते. मी सरांच्या हातापाया पडलो होतो की तिला जगवा. ते म्हणाले, तुम्ही दुकान चालवा, मी शहर चालवतो." त्यांनी घाम पुसला. "तो दुसरा शेवट वाचताना मला आनंदच झाला. पहिल्याच पानावर कळलं होतं की यात काहीतरी पाणी मुरतंय. पण मी मुद्दाम गप्प राहिलो. एवढाच माझा गुन्हा."

"ती उलटी का चालते?"

"शहराचं शेवटचं दर्शन! वाचक ढसाढसा रडणार. धंद्यात इतकी वर्षं घालवली, एवढं कळतं मला."

बाई जिना उतरल्या त्या जड पायांनी. प्रतीक म्हणणाऱ्यानं आणि रडणार म्हणणाऱ्यानं हातात निखारा कधी धरला नव्हता. धरला असता तर पहिला शब्द वारा हाच आला असता. राहता राहिलं एकच माणूस, आणि त्या माणसाला लहानपणी बाईंनी कडेवर खेळवलं होतं.

४

चष्म्याच्या दुकानात गर्दी नव्हती. पंडितांची मुलगी काउंटरमागे उभी होती. केस घट्ट बांधलेले, हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर.

"मावशी! तुम्ही? चष्मा नीट बसत नाहीये ना? किती दिवस सांगतेय, द्या इकडे."

बाईंनी चष्मा काढून दिला. मुलगी मान खाली घालून दांडीचा स्क्रू आवळायला लागली. हे काम करताना ती जीभ दातांत धरायची, लहानपणापासूनची सवय. बाईंना क्षणभर वाटलं, उगाच आले. चष्मा घ्यावा आणि जावं.

"बाबा कसे आहेत?" मुलीनं विचारलं. "माझ्याशी बोलतच नाहीत. प्रकरण बदललं गेलं एवढंच म्हणाले."

"धक्का बसलाय त्याला." बाईंनी आवाज शक्य तितका साधा ठेवला. "मला मेलीला त्या पुस्तकातलं काही कळत नाही. ती राखणी निखारे घेऊन निघते, तर उलटी का ग चालते?"

"वाऱ्यामुळे," मुलगी स्क्रूवरची नजर न हलवता म्हणाली. "सरळ चाललं की निखारे फुलतात आणि सगळी धग छातीवर येते. उलटं चाललं की पाठ आडवी येते आणि..."

तिचा हात थांबला.

दुकानातल्या आरशांत सगळीकडून तिचाच चेहरा दिसत होता, आणि त्यातला प्रत्येक चेहरा हळूहळू पडत गेला.

"तू टाइप केलेल्या प्रकरणात राखणी जागची हलतसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "मग निघते कुठे, असं तू विचारायला हवं होतंस, पोरी."

५

दोघी दुकानामागच्या खोलीत बसल्या. मुलगी रडली नाही. तिनं आधी बाईंचा चष्मा नीट करून दिला आणि मगच बोलायला लागली.

"आई दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट आहे ही, मावशी. बाहेरच्या बाकावर बसून बाबा रोज थोडी थोडी सांगायचे. विस्तव राखणारी मुलगी. तिला अंधाराची भीती वाटते, कारण मला वाटायची. ती दातांत जीभ धरते, कारण मी धरते. मी विचारलं, ही मरणार नाही ना? बाबा म्हणाले, नाही. मी म्हटलं, शब्द द्या. त्यांनी हातावर हात मारून शब्द दिला. त्यानंतर आई गेली. मला वाटायचं, एक तरी राहिली."

 त्या दवाखान्याच्या बाकावर बाईही बसल्या होत्या.

"पुढे पुस्तकं झाली. हात बांधून जिने चढायचं, पाण्यात श्वास धरायचा, सगळं मला बरोबर घेऊन. मी काही बोलले की ते पुस्तकात जायचं. मला चाललं ते. लोकांना सांगायची, मला त्यात रस नाही. कोणाला कशाला कळायला हवं? पण या वेळी त्यांनी मला समोर बसवलं आणि राखणीला मारायला लागले. पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. माझी बोटं थांबली, मावशी. त्यांना ऐकू आलं ना मशीन थांबलेलं! मला वाटलं, आता आठवेल. तर म्हणाले, 'हं, पुढचं वाक्य.'"

"म्हणून तू..."

"वाचून दाखवली ती त्यांची पानं. पाकिटात घालायला हातात दिली ती माझी. वाचून दाखवायच्या आधीच मी ती लिहून ठेवली होती, गच्चीवर करून बघून. त्यांना दिसत नाही याचा मी फायदा घेतला. घेतलाच. त्याला दुसरं नाव नाही."

"आणि त्यांची पानं?"

मुलीनं मान वळवली. "त्या रात्री जाळली."

 नोकरीत असताना बाईंनी कितीतरी गुन्हेगारांना बखोटीला धरून नेलं होतं, पण या पोरीला कुठे न्यायचं ते त्यांना सुचेना.

"मी काहीच सांगितलं नाही तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तर बाबा भाष्यकारांना आयुष्यभर चोर समजतील. चला मावशी. मीच सांगते."

६

पंडित खिडकीशी बसले होते. मुलीची पावलं ओळखून त्यांनी मान वर केली. तिनं फार शब्द वापरले नाहीत. मी केलं, म्हणाली, असं असं केलं.

पंडितांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांना दरवाजाच्या दिशेनं बाईंचा श्वास ऐकू आला असावा, त्यांनी तिकडे तोंड वळवून विचारलं, "खरं आहे?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

"तू!" ते मुलीला म्हणाले. "कोणीही चाललं असतं मला. भाष्यकार, संपादक, रस्त्यावरचा कोणी. तुझ्या हातात मी माझं सगळं सोडलं होतं. का केलंस?"

"तुम्ही शब्द दिला होता, बाबा. राखणी मरणार नाही म्हणून."

पंडित थबकले. कपाळाला आठ्या घालून, अवघड शब्दाचं मूळ शोधताना करत तसा त्यांनी मनापासून शोध घेतला. ते नाटक नव्हतं, हेच वाईट होतं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

 बाईंना वाटलं, ही आता ओरडेल, काहीतरी फेकेल, निदान दवाखान्याचं नाव तरी घेईल. तिनं फक्त खुर्ची ओढली, मशीनसमोर बसली आणि कागद चढवला.

"तुमचं प्रकरण मी जाळलं. ते परत हवं असेल तर सांगा. मी घेते लिहून."

"आत्ता?"

"आत्ताच."

"पंडित," बाईंना राहवेना, "जरा थांब. आधी तिच्याशी बोल. दोन माणसांत काय झालंय ते..."

"छपाई खोळंबलीये, फौजदार." आणि ते सांगायला लागले.

त्यांना सगळं पाठ होतं. त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. पाणी पायऱ्यांवर आलं, अंगणात आलं, गुडघ्याला लागलं. मशीन एकसारखं वाजत राहिलं, या वेळी कुठेच थांबलं नाही. बाई मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि वाचत राहिल्या. ती एक अक्षर इकडचं तिकडे करत नव्हती. राखणीच्या गळ्याशी पाणी आलं, तोंडाशी आलं. विस्तव विझला. पंडितांनी शेवटचं वाक्य सांगितलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"वाच," ते म्हणाले.

तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आवाज सरळ होता.

"बरोबर आहे का, फौजदार?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

मुलीनं पानं जुळवली, पाकिटात घातली आणि पाकीट बापाच्या हातात नव्हे, बाईंच्या हातात दिलं. मशीनवर झाकण ठेवलं. आपली पर्स उचलली.

"उद्या किती वाजता येशील?" पंडितांनी विचारलं. "छापून आलं की तपासावं लागेल."

"तुम्हीच म्हणाला होता ना, ज्यानं केलं त्याला दारात उभं करणार नाही? मी येणार नाही, बाबा. भाष्यकार वाचून दाखवतील. त्यांची माफी तेवढी मागा."

दार लागलं. पंडितांनी हाक मारली नाही. बाई वाट बघत होत्या, अजून मारेल, अजून मारेल. जिन्यावरची पावलं खाली खाली गेली तरी नाही.

"तिचं कुठे आहे?" पंडितांनी विचारलं.

"गेली ती."

"ती नाही. तिचं प्रकरण."

"माझ्या पिशवीत. पुरावा म्हणून ठेवलंय."

"वाच."

बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि वाचलं. पंचनामा वाचावा तसं वाचलं, त्यांना दुसरी तऱ्हाच येत नव्हती. तरी राखणी वेशीबाहेर पडली, आणि बुडत्या शहराकडे तोंड करून टेकडी चढायला लागली, तेव्हा त्यांना थांबून डोळे पुसावे लागले. पंडित न हलता ऐकत होते.

"चांगलं लिहिलंय पोरीनं," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं."

"हे कधी कळलं तुला?"

"कचेरीतच. पहिल्या पानाला."

"अरे माणसा!" बाई जवळजवळ किंचाळल्या. "मग मघाशी ती इथे बसली होती, तेव्हा एवढं एक वाक्य तुझ्या तोंडातून निघालं नाही?"

"निघालं असतं, तर मग माझं प्रकरण कोणत्या तोंडानं छापायला दिलं असतं?" पंडितांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "तू तिला सांगू नकोस, फौजदार. शब्द दे मला."

बाई दारापर्यंत पोचल्या होत्या. मुलीची पानं हातात होती.

"दिला," त्या म्हणाल्या, आणि तिला तिच्या घरी गाठायला भराभर जिना उतरल्या.